ओठ वर करून बघायचं नाही

मराठीत आपण भांडी घासतो, फरशी घासतो आणि दातही घासतो. क्रियापद एकच. माझ्या हिरड्यांचं जे झालं त्यातला थोडा दोष मी या क्रियापदाला देते. बाकीचा अर्थात माझा.

आमच्या घरी सकाळी मोरीतून बाहेर आलं की आई विचारायची, "घासलेस, की नुसते ओले केलेस?" ओले करणं हा गुन्हा होता. त्यामुळे मी घासायला शिकले ती पितळेची कळशी चिंचेने घासावी तशी. ब्रश कडक केसांचाच हवा, मऊ ब्रश म्हणजे आजारी माणसाचं काम. तीन आठवड्यांत माझ्या ब्रशचे केस दोन्ही बाजूंना फाकून त्याचा जुना कुंचा व्हायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आजी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवत अर्धा तास ओट्यावर बसायची. त्या वासाने आमच्या पोटात ढवळायचं. तिचे दात एकेक करून कसे गेले ते पाहिलेलं असल्यामुळे आपण किती शास्त्रशुद्ध आहोत, हे मला रोज सकाळी नव्याने पटायचं.

चाळिशी उलटल्यावर एका लग्नाच्या फोटोत मला माझा डावीकडचा वरचा सुळा जरा जास्त लांब दिसला. आधी वाटलं फोटोचा कोन असेल. मग उन्हाळ्यात पन्हं पिताना त्याच जागी अशी कळ गेली की पेला खाली ठेवावा लागला. दात आंबण्याची शिवशिव आणि ही कळ यांत फरक आहे. शिवशिव सगळ्या ओळीत पसरते, ही एका ठिकाणी सुई टोचावी तशी येते आणि दोन सेकंदांत जाते, जणू काही झालंच नव्हतं. मी डावीकडून थंड प्यायचं सोडलं. मग डावीकडून श्वासही तोंडाने घ्यायचा सोडला. माणूस काय काय सोडून देतो आणि त्याला 'सवय झाली' म्हणतो!

शेवटी गेले. हिरड्यांची डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची होती आणि तिने पहिल्या वाक्यातच मला काकू करून टाकलं. "काकू, दात लांब झालेला नाहीये. हिरडी वर सरकलीय." मग एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई लावून तिने मोजलं. सुळ्यावर ३ मिलिमीटर, शेजारच्या उपदाढेवर २. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबी. एवढ्याशा उघड्या जागेसाठी मी दोन वर्षं बर्फाला घाबरत होते.

"उजव्या हाताने ब्रश करता ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, नुसतं मान हलवून लिहून घेतलं. उजव्या हाताच्या माणसाचा जोर डाव्या बाजूवर जास्त पडतो, त्यात सुळा दातांच्या कमानीच्या वळणावर असतो, म्हणजे घराच्या कोपऱ्यावरच्या भिंतीसारखा. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यालाच घासून जाणार. त्याच्या मुळावरचं हाड मुळातच पातळ असतं, आणि माझी हिरडीही पातळ, आतली सळई बाहेरून दिसेल इतकी. जाड हिरडीची माणसं माझ्यासारखाच ब्रश घासूनही सुटतात. हा अन्याय आहे, पण तो जन्मतःच झालेला आहे.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कठीण कवच असतं. मुळावर ते नसतं. तिथे सिमेंटम नावाचा एक पातळ थर, तो घासला की डेंटिन, आणि डेंटिनमध्ये हजारो अतिसूक्ष्म नळ्या. त्यांतला द्रव थंड लागलं की हलतो आणि आतल्या नसेला खबर जाते. माझी कळ म्हणजे ती खबर. "मग हिरडी परत खाली येईल ना? मऊ ब्रश घेते मी आता." ती म्हणाली, "आहे तिथे थांबेल. परत येणार नाही." हिरडी उभी असते ती आतल्या हाडाच्या आधाराने. हाडाची कड मागे गेली की तीही मागे जाते, आणि मग उघड्या मुळावर चढून यायला तिला काही धरायला नसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने होती. दोन दातांच्या फटीत हिरडीचा जो त्रिकोणी तुरा असतो तो शाबूत होता, आणि फटीतलं हाडही. हे सगळ्यांत महत्त्वाचं, असं तिने दोनदा सांगितलं. मिलर नावाच्या दंतवैद्याने १९८५ साली सरकलेल्या हिरड्यांचे चार वर्ग पाडले, २०११ मध्ये इटलीतल्या कायरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तिनांवर आणले. दोन्हींत मुख्य प्रश्न तोच : फटीतलं हाड आहे की गेलं? असेल तर मूळ पूर्ण झाकता येण्याची आशा धरता येते. गेलं असेल तर कितीही कुशल हात असले तरी पूर्ण झाकलं जाण्याची खात्री कोणी देत नाही. मी पहिल्या वर्गातली. शाळेत कधी नव्हते, हिरडीत आले.

"ग्राफ्ट करावं लागेल," ती म्हणाली. टाळूतून थोडं मांस घ्यायचं आणि इथे लावायचं. आणि पाठोपाठ, "सोबत लाइट थेरपी पण करू. लो लेव्हल लेझर. जखम लवकर भरायला मदत होते."

तिने ग्राफ्ट म्हटलं, मी ऐकलं कलम.

मामाची देवगडजवळ कलमांची छोटी रोपवाटिका आहे. माझ्या सगळ्या मे महिन्यांचा आणि पावसाळ्याच्या पहिल्या काही दिवसांचा वास तिथल्या ओल्या मातीचा. आंब्याचं कलम दोन तऱ्हांनी होताना मी पाहिलंय. भेट कलमात रोपाची कुंडी उचलून मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यायची, माच बांधून तिथे ठेवायची, दोघांची साल थोडी तासायची आणि एकमेकांना बांधायचं. रोप आपल्या मुळावर जगतंय, फांदी आपल्या झाडावर. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की फांदी झाडापासून हळूहळू कापायची. कोय कलमात तसली चैन नाही. कोयीतून उगवलेलं, अजून तांबूस पानांचं पंधरा दिवसांचं रोप घ्यायचं, वरून कापायचं, चीर द्यायची आणि हापूसच्या झाडावरून तोडून आणलेली काडी पाचरीसारखी छिलून त्या चिरेत बसवायची. वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. ती काडी आईपासून तुटलेली आहे. रोपाने आपलंसं करेपर्यंत तिच्याजवळ जे आहे तेवढंच. मामाचं एकच वाक्य : "साल सालीला लागली पाहिजे, बाय. बाकी देव करतो."

मी आठ-नऊ वर्षांची असताना मामाने एक कलम मला बांधू दिलं होतं. पट्टी शेवटी त्यानेच आवळली, पण कलम माझं. पिशवीवर खडूने माझं नाव लिहिलं. ते सावलीत, बाकीच्यांच्या रांगेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते तेव्हा मी गेले आणि लागलंय की नाही ते बघायला पट्टी सोडली. आत काही नव्हतं. म्हणजे एक ओलसर, फिकट हिरवी रेघ होती, दोन लाकडांमधली. मला वाटलं होतं काहीतरी जुळत असलेलं दिसेल. काडी जरा हलली. मी घाईघाईने पट्टी पुन्हा गुंडाळली, माझ्या मते होती तशीच. पंधरा दिवसांनी रांगेतल्या बाकी काड्यांचे डोळे फुगले, माझी काळी पडली. मामाने पट्टीची गाठ बघितली आणि म्हणाला, "उंदराने सोडली वाटतं." तो मला काहीही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं मी दंतवैद्याच्या खुर्चीत आडवी पडून आठवत होते, आणि ती विचारत होती, "काकू, काही शंका आहे का?"

शंका होती ती उजेडाची. ग्राफ्टचं मला लगेच पटलं होतं, कारण कलम मला कळतं. उजेडाने जखम भरते हे मात्र फोनवर येणाऱ्या जाहिरातींसारखं वाटत होतं. तशी एक आलीही होती. लाल दिव्याचा चमचमता कवळीसारखा साचा, रोज दहा मिनिटं तोंडात धरा, शस्त्रक्रियेशिवाय हिरड्या परत उगवतील. नणंदेने पुढे पाठवली होती, 'हे बघ, कापाकापी नको' असं लिहून. सरकलेली हिरडी नुसत्या उजेडाने खाली उतरत नाही. एवढं तर डॉक्टरणीने मला न विचारता सांगितलं. उजेड हा कलमाच्या जागी नाही, कलमाच्या सोबत आहे.

मग मी वाचत गेले. मला वाचल्याशिवाय झोप लागत नाही.

उजेडाने रोग बरे करण्याची कल्पना साधुबाबांची नाही. डेन्मार्कमधले नील्स फिन्सेन यांना १९०३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केले म्हणून. पण हिरडीपर्यंत येणारी वाट निघाली बुडापेस्टहून, आणि तीही चुकून. लेझर नवा होता, पहिला १९६० सालचा. हंगेरीचे सर्जन एन्द्रे मेस्तेर १९६०च्या दशकाच्या अखेरीस रूबी लेझरने उंदरांमधल्या गाठी जाळता येतात का ते बघत होते. गाठी काही जळल्या नाहीत, कारण त्यांचं यंत्र समजलं त्यापेक्षा कितीतरी दुबळं होतं. पण उंदरांच्या अंगावरचे केस जिथे भादरले होते, तिथे लाल उजेड पडलेल्या जागी ते लवकर उगवले. मग जखमाही लवकर भरताना दिसल्या. यंत्र ताकदवान असतं तर हे कोणाच्या लक्षात आलंच नसतं.

लालच का, याचं उत्तर मला माझ्या लहानपणीच मिळालं होतं. लाइट गेले की आम्ही टॉर्च तळहाताखाली धरून बसायचो आणि बोटं निखाऱ्यासारखी लाल दिसायची. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकतं, लाल तेवढा पलीकडे पोचतो. म्हणून या उपचारात ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल किंवा त्याहून पुढचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड वापरतात. पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे शाळेत 'पेशीचं ऊर्जाघर' म्हणून पाठ केलेल्या, त्यांच्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर आहे. ते हा उजेड शोषतं, आणि पेशीला कामाला लागणारी ऊर्जा जास्त तयार होते, असा आजवरचा सगळ्यांत मान्य खुलासा. पूर्ण उलगडा झालाय असं नाही. आणि एक गंमत : इथे जास्त म्हणजे चांगलं नाही. थोडा उजेड पेशीला हुशारी आणतो, फार झाला तर उलट दाबतो. त्यामुळे किती शक्तीचा, किती सेकंद, किती दिवसांनी, हे प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक अभ्यासात वेगळं. एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळवणं त्यामुळेच अवघड जातं.

या उजेडाचं काम जिथे पक्कं ठरलंय ती जागा वेगळी आहे. बोन मॅरो प्रत्यारोपणाआधी जबर औषधं घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांचं तोंड आतून सोलवटतं. ते टाळण्यासाठी ही पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आली आहे. हिरडीच्या कलमात मात्र चित्र अर्धवट. टाळूवरची जखम लवकर त्वचा धरते असं बऱ्याच चाचण्यांत दिसतं. दुखणं कमी होतं का, यावर मतं दोन. आणि मूळ जास्त झाकलं जातं का? ब्राझीलमधल्या एका चाचणीत ४० रुग्ण होते, अर्ध्यांना कलमासोबत लेझर, अर्ध्यांना नुसतं कलम. सहा महिन्यांनी मूळ संपूर्ण झाकलं गेलेले लोक लेझरच्या गटात जास्त निघाले. त्याच लोकांना दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतला फरक मिटला होता. नुसतं कलम झालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं, ते हळूहळू तिथेच येऊन पोचले होते.

हे मी डॉक्टरणीला सांगितलं, जरा परीक्षा घेतल्याच्या आवाजात. तिने मास्क खाली केला आणि म्हणाली, "बरोबर आहे काकू. म्हणून मी 'मदत' म्हटलं. हवं तर नको करूया." तिच्या या वाक्यामुळे मी हो म्हटलं. तीन गल्ल्या सोडून एका दवाखान्याबाहेर 'लेझरने हिरड्या पुन्हा तरुण' असा फलक आहे. त्याच्यापुढे 'हवं तर नको करूया' हे मला फारच तरुण वाटलं.

शस्त्रक्रियेचं फार सांगत नाही. टाळूत भुलीचं इंजेक्शन दुखतं, याबद्दल जगात दुमत नसावं. त्यानंतर काही दुखत नाही, पण सगळं कळतं. ओढलं जातंय, टोचलं जातंय, धागा ओठावरून सरकतोय. सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतचा टाळूचा पट्टा हे कलमाच्या काडीचं झाड. त्याच्या मागे मोठी रक्तवाहिनी आहे, तिच्या वाटेला जायचं नाही. तिने वरची कातडी झाकणासारखी उचलून आतलं जोड-ऊतक काढलं, जेमतेम दीड मिलिमीटर जाड, आणि मला दाखवलं. खोबऱ्याच्या ओल्या कापासारखं, पांढरट. १९८५ मध्येच लँगर आणि लँगर यांनी मूळ झाकण्यासाठी ही रीत मांडली. त्याआधी टाळूची वरची कातडीच जशीच्या तशी काढून लावायचे. ती धरते चांगली, पण टाळूचा रंग घेऊन येते. आपल्याकडे कितीतरी जणांच्या हिरड्या सावळ्या, जांभळट असतात. त्यांच्यावर गुलाबी चौकोन म्हणजे काळ्या लुगड्याला ठिगळ. आतलं ऊतक लावून वरून स्वतःचीच हिरडी ओढून घेतली तर रंग आपला राहतो.

ही 'वरून ओढून घेतलेली हिरडी' म्हणजे भेट कलम, आणि आतला तुकडा म्हणजे कोय कलम. एकाच सुळ्यावर दोन्ही. वरच्या हिरडीची एक बाजू अजून आपल्या जागी जोडलेली, तिचा रक्तपुरवठा चालू. आतला तुकडा मात्र सगळ्यांपासून तुटलेला. पहिले दोन-तीन दिवस त्याला रक्त नाही. आजूबाजूला पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो, ओल्या फडक्यातल्या काडीसारखा. मग दोन्ही बाजूंनी केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. मूळ हा दगड आहे, त्याच्याकडून रक्त येणार नाही. जे यायचं ते वरच्या हिरडीकडून आणि कडांकडून. म्हणून तुकडा हलता कामा नये. साल सालीला.

ही विद्या आपल्याकडची जुनी आहे, आणि या वेळी मी ते 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' या सुरात म्हणत नाहीये. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याची एक शस्त्रक्रिया सविस्तर छापून आली. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला होता. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट पसरून रेघ मारली, तेवढी कातडी सोलली, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली. ती फिरवून खाली नाकावर बसवली. वरून काथ पाण्यात कालवून चिंध्यांवर फासला आणि त्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस काढायच्या नाहीत. मग तुपात भिजवलेलं फडकं. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. जोडणारी पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला. त्या कारागिराचं नाव त्या वृत्तांतात नाही, गाडीवानाचं आहे. मला त्यातले ते चार दिवस सगळ्यांत आवडतात. आत काय चाललंय ते चिंध्यांखाली कोणाला दिसत नव्हतं, आणि वीट पाडणाऱ्याला ते माहीत होतं.

टाके घालून झाल्यावर तिने मला गडद चष्मा लावला आणि लाल उजेड आणला. मी काहीतरी भव्य अपेक्षिलं होतं. पेनाएवढी नळी, टोकाला लाल ठिपका. फिलिंग कडक करायला मारतात तो निळा दिवा नव्हे, आणि हिरडी कापायला वापरतात तो तापलेला लेझरही नव्हे, शक्ती त्याच्या कितीतरी कमी. नळी एका जागी धरायची, काही सेकंद, टिक असा आवाज, मग पुढची जागा. ऊब नाही, टोचणं नाही, वास नाही. देवासमोरचं निरांजन तरी चेहऱ्याला लागतं. "लागलं का काही?" तिने विचारलं. "चालू आहे का?" मी भुलीने जड झालेल्या ओठांनी विचारलं.

आणि मग सूचना. दोन आठवडे त्या बाजूला ब्रश नाही. कडक नाही, गरम नाही, नळीने ओढून पिणं नाही. टाळूवर बसवलेली पारदर्शक तबकडी रात्रीही काढायची नाही. सगळ्यांत शेवटी, बोट वर करून : "आणि काकू, ओठ वर करून आरशात बघायचं नाही. ओठ ओढला की हिरडी ओढली जाते, हिरडी ओढली की ग्राफ्ट हलतं. लोक सगळं पाळतात आणि यात मरतात."

पहिले दोन दिवस सोपे होते. गाल सुजला, ताक-भात, गार केलेली पेज, झोप. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी बेसिनसमोर उभी होते आणि माझा डावा हात ओठाजवळ होता. मी तो तिथे नेलेला मला आठवत नाही. अंगठा आणि तर्जनी, चिमटीत वरचा ओठ. आरशात ती आठ-नऊ वर्षांची मुलगी नव्हती, सुजलेल्या गालाची बाई होती. पण दुपार तीच होती. बघणारं कोणी नाही, आत काय चाललंय ते फक्त एकदा बघायचंय. मी हात खाली घेतला, तो साडीला पुसला, का पुसला माहीत नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिसळणाचा डबा घासला.

दुसऱ्या दिवशी उजेडाची पाळी होती. एक दिवसाआड जायचं, असं पुढे दहा-बारा दिवस. तिने आपल्या आरशाने, ओठ न ताणता, गालाच्या बाजूने आत बघितलं. "छान आहे." बस, दोन शब्द. मग चष्मा, नळी, टिक. मी जिना उतरताना हलकी झाले होते. त्या उजेडाने माझ्या तंतुकणिकांना काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. माझ्यापुरतं त्याने एक काम नक्की केलं. ज्याला बघायचं कळतं असं कोणीतरी दर दोन दिवसांनी बघत होतं, म्हणून मला बघावं लागलं नाही. ही नोंद कुठल्या चाचणीत कशी धरतात कोणास ठाऊक. खोटा, बंद दिवा लावून तुलना करतात ती बहुधा याचसाठी. तरी एक दिवसाआड दवाखान्याचा जिना चढणं दोन्ही गटांच्या नशिबी असणारच.

टाळू मात्र खरोखर लवकर भरली. नवव्या दिवशी मी पोळी खाल्ली, दुधात कुस्करून का होईना. माझ्या मावसबहिणीचं तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, उजेडाशिवाय, तिला तीन आठवडे लागले. पण तिची वरची कातडी काढली होती, माझी झाकण लावून शिवली होती. तेव्हा श्रेय कोणाला? मला दुसरं तोंड नाही, नाहीतर त्याला नुसतं कलम करून पाहिलं असतं.

टाके काढले त्या दिवशी तिने स्वतःच हातात आरसा दिला. सुळा आखूड झाला होता. हिरडी लालभडक, जाडसर, परक्याच्या घरी बसल्यासारखी जरा फुगून बसलेली. वर्षभरात ती निवली, रंग मिसळला. आता सळई लावली की सुळ्यावर शून्य. उपदाढेवर अर्धा मिलिमीटर उघडा राहिला आहे, तो तसाच राहील. पन्हं मी दोन्ही बाजूंनी पिते. ब्रश आता इतका मऊ आहे की मुलगी विचारते, याने देवाचे टाक पुसतेस का? पेन धरावं तसा तीन बोटांत धरते, मुठीत नाही. ओले करण्याच्या जवळ जाणारं काहीतरी करते मी रोज सकाळी. आई असती तर खपवून घेतलं नसतं.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. टाळूची काडी, ओढून घेतलेली साल, लाल उजेड. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकतो. उजेडाचं ऐकून म्हणाला, "आम्ही तर नवी कलमं सावलीत ठेवतो." मग बराच वेळ लाइनवर नुसता वारा आणि कुठल्या तरी कोंबड्याचं ओरडणं.

"काय गो," तो म्हणाला, "सोडून बघितलं नाहीस ना मध्येच?"

"नाही मामा."

"उंदीर नाही ना आला?"

मला एकदम बोलताच येईना. चाळीस वर्षं त्याने ते पट्टीसारखं गुंडाळून ठेवलं होतं. तो हसत होता, खोकल्यात अडकत, आणि म्हणत होता की यंदा पाऊस वेळेवर आला तर जुलैत ये, कोयी रुजत घातल्यात, दोन तुझ्या नावाच्या ठेवतो.

मी विचारलं, गाठ कोण मारणार?

"तूच मार," तो म्हणाला. "मला आता नीट दिसत नाही."